उंचीचा जमाखर्च: सात इंची गाडीच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५. एडिसन, न्यू जर्सी

नातीने आज खोका उघडला. पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि त्यांच्या आसांसाठी चार खिळे. एवढ्यातून गाडी करायची आणि ८ फेब्रुवारीला तिच्या कब स्काउट पॅकच्या, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट गटाच्या, शर्यतीत उतरवायची. हाताशी पाच आठवडे आहेत.

या शर्यतीला इथे पाइनवुड डर्बी म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचचे डॉन मर्फी हे कबमास्टर, म्हणजे अशा पॅकचे प्रमुख, होते. तेव्हा मोठ्या मुलांची सोप बॉक्स डर्बी जोरात होती. बिनइंजिनाच्या गाडीत बसून उतारावरून सुटायचं, अशी ती शर्यत. मर्फींचा मुलगा त्या वयात बसत नव्हता. म्हणून त्यांनी तळहातावर मावेल अशी लाकडी गाडी योजली आणि १५ मे १९५३ ला पहिली शर्यत झाली. मर्फी नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये नोकरीला होते. तिथल्या मॅनेजमेंट क्लबने पाठबळ दिलं. मुलींना कब स्काउटमध्ये घ्यायला २०१८ साली सुरुवात झाली, म्हणून आज हा खोका आमच्या टेबलावर आहे.

हे सगळं वाचताना साताऱ्यातली आमची बेअरिंगची गाडी आठवली. गॅरेजमधून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगं, एक फळी, पुढे आडवी दांडी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून खाली येणाऱ्या रस्त्यांवर तिचा आवाज पार खालच्या पेठेत ऐकू जायचा. इंजिन तिलाही नव्हतं. जो चढ पायांनी चढलो, तेवढाच उतार मिळायचा.

नियम वहीत उतरवले. ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड. तयार गाडीचं वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम. चाकांसकट रुंदी पावणेतीन इंचांच्या आत. पोटाखाली ३/८ इंच मोकळी जागा, कारण ट्रॅकच्या प्रत्येक लेनमध्ये मधोमध एक उंच पट्टी असते आणि ती चाकांच्या मधून जाते. चाकं आणि खिळे याच खोक्यातले. चाक कातून हलकं करायचं नाही. खिळ्यांच्या खाचा ठोकळ्यात आहेत तिथेच. वंगण फक्त कोरडं.

कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. जॉब हातात आला की आधी वही, मग हत्यार, ही तिथली सवय. नातीला एक वही दिली: मोजमापं ती लिहील. ही वही माझी.

रविवार, ५ जानेवारी

लाकडाला हात लावला नाही. दिवसभर बोलणं आणि हिशोब.

नातीचा पहिलाच प्रश्न अवघड होता. "आबा, टीचरने सांगितलं की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात. मग सगळे गाडीत वजन का भरतात?"

तिच्या टीचरने सांगितलं ते बरोबर आहे. पृथ्वी जड गाडीला जास्त ओढते, पण जड गाडीला हलवायलाही तेवढंच जास्त लागतं. फरक पडतो तो वाटेतल्या देण्यांमुळे. हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर ठरतो, वजनावर नाही. तसंच चाकांचं. चाक नुसतं पुढे जात नाही, ते फिरतंही आणि फिरवायला वेगळी ऊर्जा लागते. एक चाक सुमारे २.६ ग्रॅमचं. चारही चाकं फिरवण्याचा बोजा हिशोबात साधारण ६ ग्रॅम जादा वजनाइतका येतो. गाडी ४५ ग्रॅमची असेल तर ऊर्जेचा आठवा हिस्सा चाकं फिरवण्यात जाईल. १४२ ग्रॅमची असेल तर जेमतेम चार टक्के. घरात मिळकत वाढली आणि भाडं तेवढंच राहिलं तर हातात जास्त उरतं, तसं. म्हणून ५ औंसांच्या काठापर्यंत जायचं.

तिला पटलं. पण "करून बघू" म्हणाली, हे मला जास्त आवडलं.

मग जावई कागद घेऊन बसले. पॅकचा ट्रॅक ४२ फुटी, ॲल्युमिनियमचा, सुरुवात सुमारे ४ फूट उंचीवर. पहिला भाग उताराचा, पुढे सगळं सपाट. गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तिचं वजन तोललं जातं तो बिंदू, वरपासून खालपर्यंत सुमारे ११५ सेंमी उतरतो. काहीच वाया गेलं नाही तर खाली वेग सेकंदाला पावणेपाच मीटर, म्हणजे ताशी १७ किलोमीटर. शाळेत निघालेल्या पोराच्या सायकलचा वेग.

माझ्या मनात तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. ही ११५ सेंमी उंची हीच सगळी जमा आहे. सगळ्यांना जवळपास सारखीच मिळते. आता प्रत्येक खर्च सेंटिमीटरमध्येच लिहायचा. टक्के आणि ज्यूल नातीला लांबचे वाटतात. फुटपट्टीवरची उंची तिला दिसते.

जावयांचा अंदाज असा: चाकं फिरवण्यात ५ सेंमी. ठोकळा विटेसारखाच ठेवला तर हवेत ९-१० सेंमी. पातळ केला तर ३-४. हवेचा आकडा मला मोठा वाटला, एवढ्याशा गाडीला हवा काय अडवणार असं मी धरून चाललो होतो. त्यांचा गुणाकार पुन्हा केला, बरोबर आहे. खिळा आणि चाकातलं घर्षण कागदावर ठरेना. ते मोजावं लागेल.

शनिवार, ११ जानेवारी

घर्षण मोजण्याची पद्धत ठरवली. तळघरातली फरशी सपाट आणि गुळगुळीत आहे, लेव्हल लावून तपासली. एका टोकाला छोटी फळी तिरकी ठेवली, अशी की गाडी बरोबर ४ सेंमी खाली उतरेल. जोडावर पत्त्याचा कागद चिकटवला, धक्का बसू नये म्हणून. गाडी सोडायची आणि कुठे थांबते ते मोजायचं. ४ सेंमी उंची खर्चून गाडी किती लांब गेली, हा भागाकार म्हणजेच घर्षण. इतक्या कमी वेगात हवा जवळजवळ काही घेत नाही, त्यामुळे तिचा गोंधळ नाही.

ठोकळा तसाच ठेवला, चाकं आणि खिळे खोक्यातून निघाले तसे खाचांत बसवले. दहा वेळा सोडली. सर्वांत कमी २.१ मीटर, सर्वांत जास्त २.७, सरासरी २.४.

म्हणजे दर ६० सेंमी अंतराला १ सेंमी उंची जाते. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी साधारण साडेबारा मीटर धावते. हिशोब मांडला: २१ सेंमी! ११५ पैकी २१ नुसत्या चार खिळ्यांत. हवेच्या दुप्पट, चाकांच्या चौपट.

नातीने गाडीचा चित्ता करायचं ठरवलं होतं, पाठीवर ठिपके आणि मागे शेपूट. तो करायचाच. पण आधी काम कुठे आहे ते आज कळलं.

दहाही वेळा गाडी डाव्या भिंतीकडे वळली. त्याची नोंद वेगळी ठेवली आहे.

रविवार, १२ जानेवारी

पूर्ण दिवस खिळे.

भिंगाखाली धरून नातीला दाखवलं. डोक्याच्या खाली बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, उभी आहे, आणि दांड्यावर साच्याच्या पकडीचे उंचवटे. चाकाच्या भोकाला हे सगळं कानशीसारखं घासत असतं. ती म्हणाली, "हा तर आजारी खिळा आहे."

खिळा ड्रिलच्या चकमध्ये धरला, ड्रिल शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आडवं बांधलं. तिला चष्मा घातला, केस मागे बांधले, बाही वर. फिरत्या वस्तूजवळ लोंबणारं काही नको, हा नियम आमच्या शॉपमध्ये पहिल्या दिवशी शिकवत आणि मीही तेच केलं. बारीक कानशीने डोक्याखालची बर काढली. डोक्याच्या आतल्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे चाक डोक्याला टेकलं तरी कड लागणार नाही, लहान वर्तुळावर टेकेल.

मग पॉलिश पेपर: ४००, ६००, १०००, २०००, सगळे ओले करून. शेवटी धातूचं पॉलिश, सुती कपड्यावर. एका पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही आणि दोन पेपरांच्या मध्ये खिळा पुसून काढायचा. मागच्या पेपरचा एक कण राहिला तरी तो पुढच्या कामात ओरखडा पाडतो. घाई इथेच होते. नातीने पहिला खिळा घाईत केला आणि दुसरा नीट केला, मग दोन्ही शेजारी धरून स्वतःच पहिला परत चकमध्ये लावला. मी काही बोललो नव्हतो.

व्हर्निअरवर दांडा आधी २.२१ मिमी होता, नंतर २.१९. याहून जास्त उतरवायचा नाही, चाक लडबडेल.

खिळ्यालाच एवढं महत्त्व का, ते लिहून ठेवतो. चाकाचा व्यास ३० मिमी, खिळ्याचा २.२. घासणं होतं ते खिळ्याच्या पृष्ठभागावर, मध्यापासून फक्त १.१ मिमीवर. चाक जमिनीला टेकतं १५ मिमीवर. ही तरफ आहे. खिळ्यावरचं घर्षण जमिनीपाशी पोचेतो साडेतेरा पटींनी लहान होतं. बैलगाडीचं चाक पुरुषभर उंच आणि कणा मुठीएवढा, त्यामागे हेच गणित. आमच्या गावाकडे कण्याला वंगण घालायचं विसरलं तर गाडी कुरकुरायची आणि बैल फेसाळायचे. इथे बैलाच्या जागी ११५ सेंमी उंची आहे, ती थकली की थकली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. लेकीने तिळाच्या वड्या केल्या. संध्याकाळी तासभर काम.

चाकाचं भोक पाइप क्लीनरवर प्लास्टिकचं पॉलिश घेऊन साफ केलं, नंतर कोऱ्या पाइप क्लीनरने कोरडं केलं. फरशीवरची चाचणी: सरासरी ३.३ मीटर. अजून वंगण नाही.

मग ग्रॅफाइटची पूड. भोकात टाकायची, चाक फिरवायचं, पुन्हा टाकायची, असं प्रत्येक चाकाला वीस-पंचवीस वेळा. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सरकतात, पत्त्यांच्या कॅटसारखे. खिळ्यावर आणि भोकात त्यांचा पातळ लेप बसला पाहिजे. नुसती सैल पूड भरून उपयोग नाही. एक गोष्ट नोकरीत शिकलो होतो: ग्रॅफाइटला सरकण्यासाठी हवेतला थोडा ओलावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश कोरड्या विरळ हवेत भराभर झिजू लागले, तेव्हा हे प्रकर्षाने पुढे आलं. इथे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते, म्हणून ग्रॅफाइट लावल्यापासून तळघरात ह्युमिडिफायर लावून ठेवला आहे. त्याने किती फरक पडला ते वेगळं मोजलेलं नाही.

चाचणी: ५.४ मीटर सरासरी. ११ तारखेच्या सव्वादोन पट. ट्रॅकवरचा खर्च २१ सेंमीवरून ९ वर आला. बारा सेंटिमीटर उंची आम्ही परत मिळवली. नातीने वहीत १२ भोवती तीन वर्तुळं काढली.

शनिवार, १८ जानेवारी

गाडीच्या अंगाचं काम सुरू केलं आणि दुपारी बिघडवलं.

आराखडा चांगला होता. मागे १४ मिमी जाड, पुढे निमुळती होत ६ मिमी. हवेला दिसणारं तोंड लहान, आणि लाकूड कमी म्हणजे वजन आपल्याला हवं तिथे ठेवायला मोकळीक. खाचांच्या बाहेर दोन्ही टोकांना उरणारं लाकूड सारखं नाही. एका बाजूला खाच टोकाच्या जवळ आहे. ती बाजू मागे घेतली.

करवतीने रेषेबाहेर कापलं, रंध्याने रेषेवर आणलं. त्यानंतर मागून वजनासाठी आडवी भोकं पाडायची होती, साडेनऊ मिमीची, १४ मिमी जाडीत. वर-खाली सव्वादोन मिमी भिंत राहते. ठोकळा मी क्लॅम्पमध्ये बांधला, पण खाली आधाराचा सरळ तुकडा दिला नाही. तिसऱ्या भोकाला ड्रिल वार्षिक वलयाच्या कडक रेषेला लागून खाली सरकलं आणि पोटातून बाहेर आलं. पाइनमध्ये मऊ-कडक पट्टे आलटून पालटून असतात; ड्रिल मऊकडे पळतं. धातूवर हात बसलेल्या माणसाने हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. नातीला वाईट वाटलं. तिला सांगितलं की चूक माझ्या हातून झाली आहे आणि उद्या नवा ठोकळा येईल.

रविवार, १९ जानेवारी

नवा ठोकळा. या वेळी भोकं आधी, ठोकळा पूर्ण जाड असताना, कापणं नंतर. आधी अडीच मिमीचं वाटेचं भोक, मग मोठं ड्रिल. सरळ गेलं.

अंग रंधून ३३ ग्रॅम भरलं. चाकं आणि खिळे मिळून १५. म्हणजे ९० ग्रॅमच्या वर वजन आपल्या मर्जीने ठेवता येतं. टंगस्टनच्या छोट्या सळ्या आणल्या. महाग आहेत, पण टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून जास्त घन आहे, त्यामुळे तेवढंच वजन कमी जागेत, अगदी मागे बसतं. शिवाय शिसं मुलांच्या हातात द्यायचं नाही.

मागेच का? हे नातीला सांगायला तिरकी फळी आणि दोन पेन्सिली घेतल्या. सुरुवातीला सगळ्या गाड्यांचं नाक एकाच खुंटीला टेकलेलं असतं. उतार जवळपास ३० अंशांचा. ज्या गाडीचं वजन शेपटीत आहे, तिचं वजन उतारावर जास्त वर उभं असतं. खाली सपाटीवर मात्र सगळ्यांची उंची सारखी. म्हणजे शेपटीतलं वजन जास्त उतरलं. गुरुत्वमध्य ५ सेंमी मागे नेला तर अडीच सेंमी उंची फुकट मिळते. या सबंध खटाटोपात जमेच्या बाजूला काही वाढवणारी ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळं खर्च वाचवणं.

गाडी फुटपट्टीच्या धारेवर तोलून बघितली. गुरुत्वमध्य मागच्या खिळ्यांच्या पुढे १७ मिमी. एक छोटा स्क्रू पोटाला मुद्दाम बसवला आहे, वजनकाट्यावर कमी-जास्त करायला लागलं तर सोयीचा.

शनिवार, २५ जानेवारी

आज डाव्या भिंतीचं प्रकरण.

गुण्या लावल्यावर दिसलं की पुढची खाच ठोकळ्याला काटकोनात नाही, एका टोकाला अर्धा मिमी पुढे आहे. त्यामुळे पुढची चाकं एकीकडे बघतात आणि गाडी मधल्या पट्टीवर आपटत, मग दुसऱ्या बाजूला आपटत जाते. प्रत्येक आपटीत उंची जाते.

पूर्ण सरळ गाडी करणं कागदावर सोपं आहे. हातात असलेल्या लाकूड-खिळ्यांत ती क्वचितच सरळ राहते, आणि जरा हललं की पुन्हा दोन्हीकडे आपटायला लागते. त्यापेक्षा तिने एका बाजूला हलकेच झुकून पट्टीला सतत चिकटून जावं हे बरं. त्यासाठी पुढचं एकच चाक सुकाणू झालं पाहिजे. दुसऱ्या पुढच्या चाकाची खाच दीड मिमी खोल केली, म्हणजे ते जमिनीला लागतच नाही. न फिरणाऱ्या चाकाला ऊर्जा द्यावी लागत नाही, त्यात एक सेंमीहून थोडी जास्त उंची वाचली.

सुकाणू चाकाला कोन देण्यासाठी अनेक जण खिळाच किंचित वाकवतात. नियमपत्रकात याबद्दल काही लिहिलेलं नाही. नातीच्या आईने पॅकच्या लीडरना विचारलं. त्यांनी खिळा वाकवू नका सांगितलं. ते बरोबरच आहे, सगळ्यांच्या घरी शेगडा नसतो. मग खाचेत एका बाजूला ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे पदर दिले आणि खिळा तेवढ्याने वळवला. सरळ फळीवर चार फुटांत गाडी बाजूला किती सरकते ते बघत गेलो: आधी साडेतीन इंच, एक पदर काढून दोन, शेवटी एका इंचाला थोडं कमी. तिथे थांबलो.

रविवार, २६ जानेवारी

आठ फुटी फळीचा उतार करून फोनवर स्लो मोशनमध्ये वेळ मोजली. सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे एका चित्राला सुमारे ४ मिलिसेकंद. बोथट नाक आणि पुठ्ठा लावून केलेलं टोकदार नाक, दोन्हींच्या दहा-दहा फेऱ्या. एकाच गाडीच्या फेऱ्यांत २० मिलिसेकंदांची तफावत येते, मग दोन नाकांमधला पाच मिलिसेकंदांचा फरक कसा ओळखणार? नातीने वहीत "टोकदार चांगलं" लिहिलं होतं. तिला दोन्ही रांगा बोटाने दाखवल्या. तिने ते खोडून "समजलं नाही" लिहिलं. हे मोजमाप शिकण्यातलं सर्वांत अवघड पाऊल आहे आणि ते तिने रडारड न करता टाकलं.

रंग दिला: पिवळा, काळे ठिपके. शेपटी नाही, ती तिने स्वतःहून सोडली.

शनिवार, १ फेब्रुवारी

पॅकने सरावासाठी ट्रॅक मांडला होता. पहिल्यांदा खरा उतार.

सुरुवातीला खुंट्या उभ्या असतात, गाड्या त्यांना टेकून थांबतात, खुंट्या पडल्या की सुटतात. ते बघताना १९७३ च्या सोप बॉक्स डर्बीची गोष्ट नातीला सांगितली. विजेत्या गाडीच्या नाकात विजेचा लोहचुंबक निघाला होता. सुरुवातीची लोखंडी पट्टी खाली पडताना चुंबक तिच्याकडे ओढला जाई आणि गाडीला पहिला हिसका मिळे. एक्स-रे काढल्यावर ते उघड झालं, बक्षीस काढून घेतलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "पण मग ती गुरुत्वाकर्षणाची गाडी नाही." बरोबर.

आमच्या पहिल्या तीन फेऱ्या: ३.२२, ३.१९, ३.२४ सेकंद. खाली उतार संपून सपाटी लागते त्या वळणावर गाडीचं नाक उचललं जात होतं, मग पुढे ती शेपटी हलवत गेली. पुढच्या चाकावर भारच उरला नव्हता, सुकाणू हवेत. १७ मिमी फार मागे झालं. पुढच्या भोकात एक सळी सरकवून गुरुत्वमध्य २३ मिमीवर आणला. जमेची तीन मिमी उंची सोडली आणि पुढची फेरी ३.१५. पुन्हा सोडली, ३.१५.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वजन तपासणी. आमच्या काट्यावर १४१.५ ग्रॅम, तिथल्या काट्यावर ५.१ औंस. वाद घालायचा नाही, तिथला काटा सगळ्यांना तोच. पोटाचा स्क्रू काढून लहान बसवला, ५.० दिसलं. गाडी तिथेच जमा केली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शर्यत. आजपासूनच इथल्या स्काउट संघटनेचं नाव स्काउटिंग अमेरिका झालं, त्याची घोषणा आधी झाली.

प्रत्येक गाडी चारही लेनमधून एकदा धावते आणि सरासरी धरतात, कारण लेनही अगदी सारख्या नसतात. आमच्या वेळा: ३.११८, ३.१०९, ३.१३१, ३.११२. सरासरी ३.११७५. सरावाहून बरं, ग्रॅफाइट बसलं असणार.

पॅकमध्ये तिसरी. दुसऱ्या आलेल्या गाडीत आणि आमच्या गाडीत सहा मिलिसेकंदांचं अंतर. त्या वेगाने सहा मिलिसेकंदांत गाडी अडीच सेंमीच जाते, दोन बोटं. नात सगळ्यांशी हात मिळवून आली आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "आबा, दोन बोटं म्हणजे किती उंची?" हिशोब केला. सुरुवातीलाच वाचवली असती तर पाऊण सेंमी उंचीला तेवढी आघाडी मिळते. "मग ती कुठे गेली?"

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी तिनेच फळी लावली, ४ सेंमी मोजली. सरासरी ४.९ मीटर. १४ जानेवारीला ५.४ होती. म्हणजे काहीतरी परत घासायला लागलंय.

एकेक चाक काढलं. खिळे चकचकीत, भोकं काळी आणि गुळगुळीत. मागचं डावं चाक काढल्यावर तिला दिसलं: अंगाच्या पिवळ्या रंगावर, खाचेभोवती एक बारीक करडं कडं उमटलंय. चाकाच्या आतल्या बाजूचा उंचवटा तिथे अंगाला घासत होता. खिळा, भोक, डोकं, सगळं पॉलिश केलं. चाक आत सरकलं की लाकडाला टेकतं, तिथे आम्ही २६ तारखेला रंगाचा जाड हात मारून ठेवला होता. १४ तारखेच्या चाचणीत रंग नव्हता, म्हणून तेव्हा दिसलं नाही, आणि रंगानंतर फरशीवर चाचणी मी घेतली नव्हती.

तिने रंगावरून १००० चा ओला पेपर फिरवला, वाळू दिलं, मग मऊ पेन्सिलने ते वर्तुळ काळं केलं. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं, हे तिला माहीत होतं. चारही चाकांच्या जागी तसंच केलं.

दहा फेऱ्या. ५.५, ५.८, ५.६, ५.७, ५.७, ५.४, ५.८, ५.६, ५.७, ५.७. सरासरी तिने काढली: ५.६५. गाडी चाकं वर करून डब्यात ठेवली आहे.